खिशातला चाकू



आज बोलायचे आहे ते एका लहानशा वस्तूविषयी. तळहातावर मावेल, मिटली म्हणजे खिशात निमूट पडून राहील आणि वेळेला दहा कामे करील, अशी ती वस्तू. मिटता चाकू. विषय ऐकून कोणी म्हणेल, "चाकूवर कसले भाषण देता?" आणि चाकू म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला रामपुरी उभा राहतो. खटका दाबला की पाते बाहेर! तो चाकू आज आपण बाजूला ठेवू. मी सांगणार आहे तो कामाचा चाकू, शेतकऱ्याचा, माळ्याचा, मेंढपाळाचा आणि एके काळी शाळामास्तरचाही. या चाकूपायी माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्यावाचून भाषण पुरे करायचे नाही, असे ठरवूनच मी आलो आहे. पण आधी चाकूची ओळख करून घेऊ.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत कित्ता बोरूने गिरवीत. गुरुजींच्या कोटाच्या डाव्या खिशात एक मिटता चाकू असे. मूठ शिंगाची, पाते झिजून झिजून निमुळते झालेले. शनिवारी सकाळी आम्ही मुले आपापले बोरू घेऊन ओळीने उभे राहायचो. गुरुजी बोरूचे टोक आधी लांबट तिरके तासत. मग मधोमध बारीक चीर देत. शेवटी पाटीच्या लाकडी चौकटीवर बोरू टेकवून एका दाबात टोक कापीत. त्या शेवटच्या कापावर सारे अवलंबून असे बरे का! पाते बोथट असले की बोरूचे तोंड पिंजायचे, शाई पसरायची आणि अक्षराचा सत्यानाश व्हायचा. वळणदार अक्षराचे श्रेय आपण हाताला देतो. पण त्यातले निम्मे श्रेय गुरुजींच्या चाकूचे होते.

अशा चाकूला आपल्याकडे जुना शब्द आहे 'कलमतराश'. कलम तासणारा तो कलमतराश. शब्द फारसीतून आला. आणि गंमत पाहा, इंग्रज ज्याला 'पेननाइफ' म्हणतो त्याचाही मूळ अर्थ हाच. त्यांच्याकडे बोरूच्या जागी पक्ष्याच्या पिसाची लेखणी होती, एवढाच फरक. पुढे पीस गेले, बोरू गेला, टाक आला, झरणी आली, बॉलपेन आले. लेखणीला चाकूची गरज उरली नाही. तरी त्यांच्या भाषेत ते नाव टिकून राहिले.

खिशात चाकू बाळगण्याची चाल किती जुनी असेल? इंग्लंडात शेफिल्ड नावाचे गाव आहे. पोलादी पात्यांसाठी ते शेकडो वर्षे प्रसिद्ध. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने एक मोठा कथासंग्रह रचला. त्यातल्या एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोचलेला आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही साधा माणूस घराबाहेर पडताना चाकू चाचपून पाहत होता, आणि तो कोणत्या गावचा हेही अभिमानाने सांगत होता.

आता फ्रान्स देशाकडे वळू. त्याच्या पूर्वेला आल्प्सचे डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांत सावोय नावाचा मुलूख. तिथे विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवणाऱ्या घरातला जोसेफ ओपिनेल नावाचा एक तरुण होता. १८९० साली त्याने गावच्या शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू केला. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली खाच, त्या खाचेत मिटणारे पोलादी पाते आणि आरपार एक खिळा. झाले! सात वर्षांनी, १८९७ साली, त्याने या चाकूचे १ ते १२ असे क्रमांक पाडले. बोटभर चाकवापासून मोठ्या चाकूपर्यंत. त्यातला ८ नंबर मोठ्या माणसाच्या हाताला बेताचा बसतो. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटर. १९५५ साली मुठीच्या गळ्याशी एक फिरती कडी आली. ती फिरवली की उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही. आजही हा चाकू मिळतो, आणि त्याचे रूप ओळखू येईल इतके पहिल्यासारखेच आहे.

त्याची एक खोड आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते खाचेत आवळून बसते. नखाने ओढून निघत नाही. सावोयचे लोक काय करतात? मुठीचे मागचे टोक टेबलावर ठक्कन आपटतात, म्हणजे पात्याचे टोक थोडे वर येते, आणि मग ते चिमटीत धरून उघडतात. या युक्तीला त्यांनी आपल्या मुलखाचेच नाव दिले आहे. ज्या वस्तूची खोडही आवडीने सांगावी, ती वस्तू घरातलीच झाली म्हणायची.

अमेरिकेत गुरे पाळणाऱ्यांचा चाकू आणखी वेगळा. त्याच्या एका मुठीत तीन पाती. एक टोकदार, सर्व कामांना. दुसरे सरळ धारेचे, फळीवर ठेवून नीट कापायला. तिसरे पाते बोथट टोकाचे, वासरांचे खच्चीकरण करण्यासाठी. टोक बोथट कशासाठी? जनावर उसळले तरी पाते भलतीकडे घुसू नये म्हणून. प्रत्येक पात्याचा आकार कोणीतरी कामातून शिकून ठरवलेला आहे.

श्रोतेहो, हे मी सांगतो आहे कारण आजही अनेक देशांत या जुन्या धर्तीच्या चाकूंचे शौकीन आहेत. ते चाकू कपाटात काचेमागे ठेवत नाहीत. रोज एक खिशात टाकतात. एकमेकांना भेटले, की पानाची चंची उघडावी तसा आपापला चाकू काढून दाखवतात. लांब असले तर छायाचित्र पाठवतात. "आज हा बरोबर होता. याने सफरचंद कापले, सुतळी तोडली, मुलीची पेन्सिल तासली." ऐकायला क्षुल्लक वाटते. पण त्यांच्या बोलण्यात किंमत फारशी नसते. हा आजोबांचा, हा पहिल्या पगाराचा, ही मूठ इतकी गुळगुळीत झाली ती वापराने, असेच बोलणे अधिक.

त्यांच्यातली एक आवड मला फार पटली. साध्या पोलादाचे पाते नवे असताना चकचकीत असते. लिंबू, कांदा, सफरचंद, कैरी कापत गेले की आंबट रसाने त्यावर निळसर करडी छटा चढते. ती छटा म्हणजे तांबडा गंज नव्हे बरे! तांबडा गंज पात्याला खातो. ही करडी छटा उलट थोडेफार राखण करते. शौकीन माणूस ती घासून काढत नाही. आपल्या चाकूने काय काय कापले त्याची ती वही आहे असे तो मानतो. आपल्याकडच्या जुन्या विळीचे पाते आठवा. तेही असेच काळेभोर असे, आणि धार मात्र चांदीसारखी.

धारेचा विषय निघाला आहे तर दोन शब्द सांगून टाकतो. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा अधिक घातक. कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते घसरते. धारेचा बारीक दगड पाण्यात भिजवा. पाते दगडावर सपाट ठेवा, मग पाठ थोडी उचला. खाली रुपयाची दोन नाणी सरकतील, एवढीच. मग दगडाचा पापुद्रा काढायचा आहे अशा बेताने पाते पुढे सरकवा. जितके हात या बाजूने, तितकेच त्या बाजूने. शेवटचे चार हात अगदी हलके. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने पाच-सहा वेळा फिरवा. खिळ्याशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि पाते कोरडे पुसून मिटा. सारे काम दहा मिनिटांचे.

आमची आजी म्हणे, "चाकू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं." देणाऱ्याने तो खाली ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. लहानपणी मला ही भाबडी समजूत वाटे. पुढे कळले, की युरोपात चाकू भेट दिला तर घेणारा एक नाणे परत देतो, नाहीतर मैत्री तुटते म्हणतात. अशीच नाण्याची रीत जपानातही आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच भीती कशी सुचली? मला वाटते, तिच्या पोटात साधे शहाणपण आहे. पाते कोणाकडे रोखून पुढे करू नये, देताना क्षणभर थांबावे. नियम सांगितला तर मूल विसरते. भांडण होईल म्हटले तर लक्षात ठेवते.

आता जपानचे नाव निघालेच आहे, तर तिथली गोष्ट शिक्षकांनी जरा कान देऊन ऐकावी. जपानच्या ह्योगो प्रांतात मिकी नावाचे हत्यारे घडवणारे शहर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'हिगोनोकामी' नावाचा मिटता चाकू होतो. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पाते, एक खिळा. पट्टी नाही, खटका नाही. पात्याच्या मागे बोटभराहून लहान शेपूट असते, तिच्यावर अंगठा दाबून धरला म्हणजे पाते उघडे राहते. अंगठ्याने लक्ष सोडले की चाकू सैल. हा चाकू स्वस्त होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तो शाळेत जाणाऱ्या मुलांच्या खिशाखिशांत असे. मुले त्याने पेन्सिली तासत, बांबूची खेळणी करत.

मग १९६० सालच्या ऑक्टोबरात टोकियो शहरी एक भयंकर घटना घडली. भर सभेत, व्यासपीठावर, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा एका १७ वर्षांच्या मुलाने खून केला. हत्यार होते आखूड तलवार. खिशातला चाकू नव्हे. पण देश हादरला. मुलांच्या हाती पाते म्हणून देऊच नका, अशी चळवळ देशभर पसरली. मुलांच्या खिशांतून चाकू गेले, मेजावर पेन्सिल तासण्याची यंत्रे आली. मिकीतले हे चाकू घडवणारे एकामागून एक बंद पडत गेले. आज ते नाव लावून चाकू करणारी एकच कार्यशाळा तिथे उरली आहे.

कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? मुले सुरक्षित राहिली ना? भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. १९९८ साली त्याच देशात एका शाळकरी मुलाने आपल्या शिक्षिकेला चाकूने भोसकून ठार केले. म्हणजे चाकू शाळेतून काढून टाकल्याने तो प्रश्न सुटला नव्हता. आणि दुसरीकडे हातांचे शिक्षण मात्र गेले होते. ही उणीव त्या लोकांच्याही ध्यानात आली. नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकापासून उलट वाट धरली. तिथे पहिलीत आलेल्या मुलाला हाच चाकू देतात आणि आपली पेन्सिल आपण तासायला शिकवतात. बोटाला कधी कापते. मग धार म्हणजे काय हे त्याला कळते, आणि दुसऱ्याचे बोटही कापते हेही कळते.

आता माझी चूक सांगतो.

गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा कोकणात एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. श्रावण महिना होता. सहावीतल्या एका मुलाच्या खिशात चाकू आहे, अशी दुसऱ्या मुलाने तक्रार केली. मी त्याला उभे केले. चाकू निघाला. लाकडी मुठीचा, लहान पात्याचा, स्वच्छ पुसलेला. त्याने तो कोणाला दाखवून भीती घातली नव्हती, नुसता खिशात होता. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, बाबांचा आहे. कलमाचा आहे."

कलमाचा म्हणजे काय हे मला कळायला हवे होते. आपल्या भाषेत लेखणी तीही कलम आणि आंब्याची जोड तीही कलम. दोन्हींना कापावे लागते आणि दोन्हींना पाते धारदार लागते. पावसाळ्यात कोयी रुजवतात. दहा-पंधरा दिवसांचे रोप झाले, पाने अजून तांबूस आहेत तोवर, त्याचा शेंडा कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरांवर छाटतात. मधोमध उभा काप घेतात. चांगल्या झाडाची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करतात, ती त्या कापात बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. पाते बोथट असले की साल चेंगरते, काप खडबडीत होतो, मध्ये फट राहते आणि जोड सुकते. एका हाताने, एका ओढीत, गुळगुळीत काप हवा. म्हणून कलमे बांधणारा आपला चाकू दुसऱ्या कामाला लावत नाही. तो मुलगा सकाळी बापाबरोबर कलमे बांधून तसाच शाळेत आला होता.

मी ते काही विचारले नाही. चार मुलांदेखत चाकू काढून घेतला आणि म्हटले, "वडिलांना घेऊन ये, मग देईन." वडील आले नाहीत. हंगामाचे दिवस, आणि शाळेच्या पायऱ्या चढायचा त्या माणसाला संकोच. मीही निरोप धाडला नाही. चाकू माझ्या कपाटात राहिला. पुढल्या जूनमध्ये माझी बदली झाली. सामान बांधताना तो कुठल्याशा कागदांबरोबर माझ्या ट्रंकेत गेला, आणि मी विसरलो.

सेवानिवृत्तीनंतर ट्रंक उपसली तेव्हा तो हाती आला. जुन्या हजेरीच्या कागदात गुंडाळलेला. पाते गंजून मुठीत अडकले होते. रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवला तेव्हा कुठे उघडला. तो घेऊन मी त्या गावी गेलो. मुलगा आता मोठा बागाईतदार झाला आहे, स्वतःची रोपवाटिका आहे. त्याने माझ्या पायांना हात लावला. मी चाकू ओट्यावर ठेवला. त्याने उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि ओळखला.

मी म्हटले, "अरे, माझं चुकलं. तेव्हाच द्यायला हवा होता."

तो हसला. पण मी खोदून विचारले तेव्हा बोलला. "त्या वर्षी शेजाऱ्यांचा चाकू मागून कलमं बांधली, गुरुजी. त्यांचं काम उरकलं की मग आमचं. अर्धा हंगाम निघून गेला. बाबा मला काही बोलले नाहीत. पण पुन्हा चाकू माझ्या हातात दिला नाही, तो दोन वर्षं."

श्रोतेहो, ही दोन वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. मी एक चाकू जप्त केला असे मला वाटत होते. खरे तर बापाने मुलावर टाकलेला विश्वास मी जप्त केला होता.

त्याची मुलगी तेव्हा सातवीत होती. त्याने तिला हाक मारली आणि चाकू दिला. तिने मुकाट्याने दगड भिजवला आणि परसात बसून पाते पाजवू लागली. मोजून या बाजूने, मोजून त्या बाजूने. मग पुसला, मिटला आणि आणून ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही. मला आमची आजी आठवली.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना चाकू घेऊन शाळेत येऊ द्या, असे मी सांगत नाही. शाळेचा नियम तो नियम. गर्दीत, सभेत, जत्रेत चाकू बाळगू नये. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पण दोन गोष्टी जरूर करा. मुलाच्या खिशात पाते सापडले, तर काढून घ्या, पण आधी विचारा, "हे कशासाठी?" आणि उत्तर पूर्ण ऐका. संध्याकाळी तो त्याच्या घरी पोचेल असे पाहा. दुसरे म्हणजे, वर्षातून चार तास काढून आपल्या देखरेखीखाली, आपल्या चाकूने मुलांना पेन्सिल तासायला शिकवा. बसून कापायचे. पाते अंगापासून दूर सरकवायचे. हाताच्या टप्प्यात कोणी नको. देताना मिटून द्यायचा. एवढे चार नियम पुरेत. शेतकरी बंधूंनी घरच्या मुलांना, आणि मुलींनाही, हेच शिकवावे.

आज माझ्याही खिशात एक मिटता चाकू असतो. त्या बागाईतदाराने मला दिला. मी त्याला त्याबद्दल एक रुपयाचे नाणे दिले, आणि ते त्याने हसत घेतले. रोज सकाळी नातवाची पेन्सिल आम्ही दोघे मिळून तासतो. परवा त्याने पहिल्यांदा एकट्याने तासली. टोक वाकडे झाले होते, पण लिहिता आले.